तिचे संध्याकाळचे डोळे

संध्याकाळी निघायच्या वेळी मी तिच्या डोळ्यांकडे बघायचे. चोरून, ती चपला घालत असताना किंवा डबा पिशवीत कोंबत असताना. डोळे काही खास नव्हते. जरा बारीकच होते, आणि दुपारनंतर काजळ खाली उतरलेलं असायचं, ते ती पुसायचीही नाही. पण त्यांतला पांढरा भाग पांढरा असायचा. माझ्यासारखंच दिवसभर स्क्रीनसमोर काम करून, माझ्याइतकेच रंग बघून, तिचे डोळे जसे यायचे तसेच घरी जायचे. माझे जेवणाच्या सुट्टीआधीच लाल व्हायचे.

लोकांना दुसऱ्याच्या केसांचा हेवा वाटतो, घराचा वाटतो, नवऱ्याचा वाटतो. मला एका मुलीच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाचा हेवा वाटत होता. हे कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

आम्ही दोघी बंगळूरच्या चिकपेटेतल्या एका साड्यांच्या होलसेल दुकानात काम करायचो. दुकान खाली गल्लीत, आमचं ऑफिस वर तिसऱ्या मजल्यावर. एक लांबट खोली, एका टोकाला जिना, दुसऱ्या टोकाला गॅलरी. दुकानाच्या मालकांच्या सुनेनं ऑनलाइन विक्री सुरू केली होती, तिला आम्ही मॅडम म्हणायचो. साडीचा फोटो निघायचा, तो आमच्याकडे यायचा, आणि समोरच्या साडीचा रंग आणि फोटोतला रंग एक दिसेपर्यंत फोटो दुरुस्त करायचा, एवढंच आमचं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण कॅमेऱ्याला राणी आणि डाळिंबी यांतला फरक कळत नाही. मोरपंखी तो सरळ निळा करून टाकतो. आणि गिऱ्हाईक साडी परत पाठवतं ते बहुतेक वेळा एकच कारण देऊन: फोटोत वेगळी दिसत होती.

त्या दुकानाची एक जुनी रीत होती. साडी दारात दाखवायची. आत ट्यूबलाइटखाली बाईनं कितीही पसंत केली, तरी खालचे अण्णा ती उचलून उंबऱ्याशी न्यायचे, पदर उजेडात धरायचे आणि म्हणायचे, आता बघा. अण्णा म्हणजे दुकानातले सगळ्यांत जुने विक्रेते. उजेडात नेऊन बघितल्याशिवाय त्यांनी कधी साडीची घडी बांधून दिली नाही. तीच रीत वरच्या ऑफिसलाही लागू होती. रंग ठरवण्याआधी प्रत्येक साडी गॅलरीत न्यायची, उजेडात बघायची, मग येऊन स्क्रीनशी ताडून पाहायची.

मी ही रीत बंद केली होती, निदान माझ्यापुरती. दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश देणारा एक दिवा मिळतो, तो मी मॅडमना मागवायला लावला आणि माझ्या टेबलावर बसवला. मग उठायचं कामच उरलं नाही. साडी दिव्याखाली, फोटो समोर. माझ्या साड्या भराभर व्हायला लागल्या. मॅडम खूश झाल्या.

दिव्याचं खरं कारण मॅडमना माहीत नव्हतं. गॅलरीत जायचं म्हणजे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांच्या समोरून जायचं. वाटेत फोटोवाला, मग पॅकिंगच्या बायका, मग गॅलरीत गेलं की समोरच्या इमारतीतली फॉल-पिको करणारी बाई. प्रत्येकाला काहीतरी म्हणावं लागतं. निदान हसावं लागतं. मला लोकांच्या नजरेला नजर देणं जमत नाही. इंग्रजी शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही मी वहीकडे बघत बसायचे. मोठेपणी वहीच्या जागी स्क्रीन आला. स्क्रीनकडे कितीही वेळ बघा, तो विचारत नाही की काय गं, आज गप्प का.

ती विचारायची.

ती निपाणीकडची. शिक्षण माझ्याइतकंच, तेही रंगांचंच, धारवाडला झालेलं. पॅकिंगच्या बायकांशी कन्नड, मॅडमशी हिंदी आणि माझ्याशी मराठी, आणि तीनही भाषांत तेवढीच बडबड. त्यांच्याकडे बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. माझी मराठी घरातली, आईबाबांशी बोलण्यापुरती, तिला ती बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी वाटायची.

"एकटीच काय बसालीस गं? चल की गॅलरीत."

"माझ्याकडे दिवा आहे."

"असू दे की. दिवा काय पळून जातोय?"

पॅकिंगच्या बायका हसायच्या. मी स्क्रीनच्या आणखी जवळ सरकायचे. आणि ती साडी खांद्यावर टाकून जायची. जाताना फोटोवाल्याची चेष्टा, बायकांच्या डब्यात डोकावणं, गॅलरीत फॉल-पिकोवालीशी या इमारतीतून त्या इमारतीत गप्पा. साडी बघायला किती वेळ लागतो? ती एका साडीला एवढा वेळ लावायची की मला वाटायचं, मॅडम एक दिवस बोलणार. मॅडम कधीच बोलल्या नाहीत, कारण तिचा रंग कधी चुकला नाही.

आषाढाचा सेल लागला तेव्हा मॅडमनी सांगितलं की तो संपला की आमच्यापैकी एकीला फायनलला बसवणार. त्या हिंदीत बोलायच्या, मी मराठीत लिहिते आहे. श्रावणात वरमहालक्ष्मी, तेव्हा अख्खं बंगळूर साड्या घेतं. "या वेळी एकही साडी रंगावरून परत यायला नको," त्या म्हणाल्या. "सगळे फोटो शेवटी एकाच नजरेखालून जातील. कोणाच्या, ते सेलचं काम बघून ठरवते." गॅलरीजवळच्या मोठ्या स्क्रीनसमोर एक खुर्ची होती, तीच ती. तिथे बसणारी 'सरी' म्हणाली की फोटो पुढे जाणार. म्हणजे ठीक आहे. इथे सगळ्यांच्याच तोंडी तो शब्द बसलेला.

मला ती खुर्ची हवी होती. किती हवी होती हे मी घरीही सांगितलं नाही. मी लहानपणापासून कमी बोलते, त्यामुळे माझ्याबद्दल सांगण्यासारखं कुणाकडे काही नसतं. पाहुणे आले की आई म्हणायची, "ही बोलत नाही, पण सगळं बघत असते." एवढीच माझी ओळख. माझं काही असेल तर ते बघणं होतं. आणि आता एक खुर्ची अशी होती जिच्यावर नुसतं नीट बघण्यासाठी माणूस बसवणार होते. ती माझ्यासाठीच केलेली आहे असं मला वाटलं. फक्त त्या खुर्चीच्या आणि माझ्या मध्ये ते न थकणारे डोळे होते.

माझे डोळे तेव्हा फार वाईट अवस्थेत होते. सकाळी ठीक असायचे. मग चुरचुरायला लागायचे, मग वाळू गेल्यासारखं खुपायचं. दुपारी काठाची जर दुहेरी दिसायची. भुवयांच्या मागे ठणका. मी बाथरूममध्ये जाऊन पाणी मारायचे आणि चेहरा कोरडा करून, डोळे जरा निवळू देऊन मगच बाहेर यायचे. कुणाला कळता कामा नये, विशेषतः तिला. मेट्रोनं यशवंतपूरला परत येताना गाडी जमिनीखालून वर आली की खिडकीतला उजेड सहन व्हायचा नाही, मी डोळे मिटून घ्यायचे. डोळे मिटले की आत साड्या. एकामागून एक, घड्या उलगडत.

घरी आल्यावर सोफ्यावर तशीच पडायचे.

"मोबाइल ठेव जरा," आई म्हणायची.

"बघत नाहीये. डोळे मिटलेत माझे."

"मग हातात कशाला आहे?"

बाबा सरकारी कंपनीतले इंजिनियर. पुण्याहून नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. त्यांना प्रत्येक गोष्टीचं मोजमाप लागतं. त्यांनी माझी खुर्ची, टेबल, स्क्रीनची उंची, सगळं विचारलं, कागदावर आकृती काढली आणि म्हणाले, "बसण्यात काही चूक नाही. डोळ्यांचा नंबर असणार. दाखवून ये."

मला नंबर हवाच होता. चष्मा लागला तर त्या लालीला एक कारण मिळेल आणि काचांमागे ती दिसणारही नाही. मल्लेश्वरमच्या एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी अक्षरं वाचायला लावली, दिवे मारले, बराच वेळ बघितलं.

"नंबर नाही. डोळे उत्तम आहेत," त्या म्हणाल्या.

मी निराश झाले. ते त्यांना दिसलं असावं.

"काम करताना मध्ये उठतेस का?"

"नाही," मी जरा अभिमानानंच म्हणाले.

"खिडकीतून बाहेर बघतेस?"

"नाही."

"कुणाशी गप्पाबिप्पा?"

"नाही. मी कामात असते."

"तेच. तू पापण्या मिटतच नाहीस. इथे बसल्यापासून बघतेय मी. टक लावून बसलीस की डोळा कोरडा पडतो, आतला स्नायू आखडतो. थेंब देते, पण थेंबांनी भागणार नाही. थोड्या थोड्या वेळानं ऊठ. लांबचं काहीतरी बघ. कुणाशी बोल. बोलताना माणूस आपोआप पापण्या मिटतो."

मी चिठ्ठी घेऊन खाली उतरले आणि फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिले. साडी खांद्यावर टाकून उठायचं, वाटेत बोलायचं, गॅलरीतून लांब बघायचं. डॉक्टरबाईंनी मला औषध म्हणून तिचा दिवसच लिहून दिला होता. म्हणजे मी ज्याला कामचुकारपणा समजत होते ते तिच्या डोळ्यांचं पथ्य होतं, आणि ते तिला माहीतही नव्हतं. ती पथ्य पाळत नव्हती, ती नुसती तशी होती. याचा मला फार राग आला. ती मेहनत करून डोळे सांभाळत असती तर मी समजू शकले असते.

तिची नक्कल करायची नाही हे मी ठरवून टाकलं. गॅलरीत गेले असते तर ती शेजारी येऊन उभी राहिली असती आणि म्हणाली असती, आलीस काय शेवटी. म्हणून मी पथ्य खुर्चीतूनच पाळायला सुरुवात केली. थोड्या थोड्या वेळानं मान वर करायची आणि लांबचं बघायचं. पण माझ्या खुर्चीतून सगळ्यांत लांबची गोष्ट म्हणजे गॅलरी, आणि गॅलरीत ती. पाठमोरी, हात हलवत, कुणाशी तरी बोलत. त्यामुळे डोळ्यांना विसावा द्यायचा म्हणजे तिच्याकडे बघायचं असं झालं. कुर्त्याची मागची गाठ, कोपरावर लोंबणारा पदर, हसताना मागे जाणारी मान. मी दिवसातून कितीतरी वेळा पापण्या मिटत, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, तिचा हेवा करायचे.

सेलच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे लग्नाच्या साड्यांचा गठ्ठा आला. कुंकवासारख्या लाल, डाळिंबी, मरून, आमसुली. सकाळपासून दुसरं काही नाही, लालच लाल. मी उठले नाही. मान वर करायचंही त्या दिवशी सोडून दिलं, कारण गठ्ठा संपवून मॅडमना दाखवायचा होता. लाल संपले तेव्हा खाली थोड्या राखाडी साड्या उरल्या होत्या, साध्या, बारीक काठाच्या. राखाडी सोपा रंग. त्यात चुकायला काही नसतंच, म्हणून साडी दिव्याखाली धरायचीही गरज वाटली नाही. फोटोत त्या मला हिरवट दिसत होत्या. कॅमेऱ्यानं नेहमीची खोडी केली असणार. मी हिरवट झाक काढून टाकली, नीट राखाडी दिसेपर्यंत, आणि फोटो मोठ्या स्क्रीनला पाठवले.

मोठ्या स्क्रीनजवळ मॅडम उभ्या होत्या, शेजारी ती.

"या गुलाबी कुठून आल्या?" मॅडमनी विचारलं.

"गुलाबी नाही, राखाडी आहेत," मी जागेवरूनच म्हणाले.

"राखाडी?"

ती माझ्या टेबलाशी आली आणि माझ्या खांद्यावरून वाकली. माझ्या स्क्रीनवर राखाडी साडीच्या बाजूला सकाळच्या सगळ्या लाल साड्या ओळीनं लावलेल्या होत्या.

"हिथंबी गुलाबीच दिसालंय की गं. सोललेल्या कांद्यागत."

"राखाडी आहे. कॅमेऱ्यानं हिरवं केलं होतं, ते मी काढलं."

"आधीचं दाखव बघू." मी आधीचा फोटो उघडला. "हे बरोबर होतं की."

"हिरवा दिसतोय तो."

"कुठं हिरवा?"

पॅकिंगचे हात थांबले होते. फोटोवालाही येऊन उभा राहिला. मॅडमनी खालून अण्णांना बोलावलं. ते जिने चढून आले, दम खात उभे राहिले, स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "गुलाबी, मॅडम. स्वल्प गुलाबी."

मी एकटी राखाडी बघत होते. सगळे मिळून खोटं बोलत आहेत असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं. मी त्या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. "माझा दिवा दिवसाच्या उजेडाचा आहे," मी म्हणाले, आणि माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "मी सगळ्या साड्या त्याच्याखाली बघते."

"हीबी बघितलीस?" तिनं विचारलं. टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता.

"ऊठ की जरा," ती हळू म्हणाली. "बाहेर ये. एवढं कोण बघतंय लाल लाल."

मी उठले ते तिच्यासाठी नाही. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते खोलीपेक्षा गॅलरीत बरं. खाली गल्ली, ऑटोंची रांग, वर वायरींच्या जाळ्या, त्यांच्यापलीकडे गच्च्या आणि निळ्या पाण्याच्या टाक्या. फॉल-पिकोवालीनं मशीन थांबवून माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. मी पापण्या मिटल्या, उघडल्या, पुन्हा मिटल्या. बराच वेळ. ती मला सोडून आत गेली होती.

परत आले तेव्हा मोठ्या स्क्रीनवर माझा फोटो अजून तसाच होता. गुलाबी. कुणी काही म्हणायची गरज नव्हती. खोलीत आल्या आल्या, दारातूनच, मला तो दिसला.

सकाळभर लाल बघून माझ्या डोळ्यांतला लाल जणू थकून गेला होता, म्हणून साधा राखाडी हिरवा दिसला, आणि मी तो डोळ्यांना बरा वाटेपर्यंत रंगवत गेले. हे मी नंतर वाचून समजून घेतलं. त्या वेळी एवढंच कळलं की माझं म्हणावं असं जे एक होतं त्यानंच मला सगळ्यांसमोर पाडलं होतं.

"फायनलला ती बसेल," मॅडम मोबाइलवर काहीतरी लिहिता लिहिता म्हणाल्या. मग माझ्या टेबलाकडे बघून, "आणि तो दिवा फोटोवाल्याला द्या."

दिवा गेल्यावर मला उठणं भाग पडलं. साडी खांद्यावर, खोली ओलांडून गॅलरी, परत. पहिले काही दिवस मी दोन्ही हात साडीत गुंतवून, घाईत असल्यासारखी जायचे, म्हणजे कुणी बोलणार नाही. पण चिकपेटेत उजेडात साडी धरली की तिच्यावर सगळ्यांचा हक्क असतो. फॉल-पिकोवाली म्हणायची, "अक्का, स्वल्प वर धर, काठ बघू दे." मी वर धरायचे. पॅकिंगच्या बायका अंगावर लावून बघायच्या. मी 'सरी, सरी' म्हणायला शिकले, तेवढ्यावर पुष्कळ भागतं. आणि डोळे सुधारत गेले. दुपारची दुहेरी जर एक झाली. आईनं सोफ्यावर पडण्याबद्दल बोलायचं थांबवलं.

बरं वाटायला हवं होतं. पण प्रत्येक वेळी गॅलरीतून परत येताना ती खुर्ची लागायची, आणि खरं म्हणजे ती तिच्यात बसतच नव्हती. हे मला सगळ्यांत जास्त लागलं. फायनलची खुर्ची मिळूनही ती खुर्चीची पाठ कपडे वाळत घालायला असल्यासारखी ओढणी तिच्यावर टाकून गॅलरीत उभी. मी असते तर जागची हलले नसते. मग माझ्या लक्षात यायचं की म्हणूनच मी तिथे नव्हते.

श्रावण लागला. कामाचा डोंगर होता, आणि तिनं पंचमीला गावी जायची सुट्टी मागितली.

"वरमहालक्ष्मी तोंडावर आली आहे," मॅडम म्हणाल्या. "आत्ता?"

"आमच्यात पंचमीला पोरी घरी जातातच मॅडम. झोका बांधलेला असतो. नागोबा काय दर आठवड्याला येतोय काय?" हे ती हिंदीत म्हणाली तरी निपाणीचंच वाटलं.

मॅडम चिडल्या, पण तिला थांबवणं कुणाला जमलं असतं. "मग फायनल कोण बघणार?"

तिनं हनुवटीनंच माझ्याकडे दाखवलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, त्या बघण्यात त्या गुलाबी साड्या होत्या. पण दुसरं कुणी नव्हतं.

अशी मी त्या खुर्चीत बसले. उसनी. पहिल्याच सकाळी कळलं की मी त्या खुर्चीबद्दल चुकीची समजूत करून घेतली होती. तिथे बसणारीला बोलावं लागत नाही असं मला वाटायचं. उलट, तिथे नाही म्हणावं लागतं, आणि तेही माणसाच्या तोंडावर.

"पदर पांढरा पडलाय. परत काढा," मी फोटोवाल्याला म्हणाले.

"काय?" त्याला ऐकू गेलं नव्हतं.

"परत काढा."

"ती तर चालवून घ्यायची."

ती चालवून घेत नव्हती, मला माहीत होतं. मी खुर्चीतून उठले, साडी उचलली, त्याला गॅलरीत यायची खूण केली आणि पदर उजेडात धरला. तो बघत राहिला. मग गेला आणि परत फोटो काढून आणला. असं पुष्कळदा झालं. मी एक लाल साडी बघितली की पुढची बघण्याआधी बाहेर जायचे आणि लांबच्या गच्च्यांवर नजर ठेवायचे. संध्याकाळी बाथरूमच्या आरशात वाकून डोळे बघितले. अगदी तिच्यासारखे नव्हते. पण पांढरे म्हणता आले असते.

ती परतली ती तंबिटाच्या लाडवांचा डबा घेऊन. चार दिवस झोक्यावर बसून आलेली, उन्हानं रापलेली, आणि डोळे असे स्वच्छ की मी लगेच दुसरीकडे बघितलं. सगळ्यांना लाडू वाटत ती माझ्या खुर्चीमागे आली आणि मी पुढे पाठवलेले फोटो एकेक करून बघायला लागली. एकावर थांबली.

"हे जांभळं जरा निळं गेलंय काय गं?"

"नाही."

"बघून येतो."

साडी घेऊन गेली. गॅलरीत फॉल-पिकोवालीनं पंचमीची सगळी हकीकत विचारून घेतली असणार, कारण ती लवकर परत येईना. मी पाठ ताठ करून बसले होते. 'मी चुकलो' असं तिनं म्हणावं असं वाटत होतं आणि मी चुकले असेन अशी भीतीही होती. शेवटी ती आली, साडीची घडी घालत.

"बरोबर हाय तुझं."

"मग चला, आपापल्या जागी," मॅडम म्हणाल्या.

मी उठले. पाण्याची बाटली घेतली, डोळ्यांच्या थेंबांची बाटली घेतली, ती सगळ्यांना दिसली तर दिसू दे म्हटलं.

"बसू दे की हिलाच मॅडम," ती लाडू खात म्हणाली. "माझ्यानं एका जागी बसवत नाही. कंबर धरती. फोटोवालाबी म्हणालाय, हिच्या हाताखाली फोटो सुधारले म्हणून."

"तुला नको?" मॅडमनी विचारलं.

"मला काय करायचंय घेऊन?"

मॅडमनी क्षणभर विचार केला. "सरी," म्हणाल्या आणि खाली निघून गेल्या.

मी त्या खुर्चीची कितीतरी स्वप्नं पाहिली होती. प्रत्येक स्वप्नात ती हरलेली असायची, कोपऱ्यात कुठेतरी डोळे चोळत बसलेली. ती हरली नव्हती. तिनं ती खुर्ची कधी मागितलीच नव्हती. उरलेला लाडू द्यावा तशी ती तिनं मला देऊन टाकली. मला खुर्ची हवी होती. तिच्याकडून नको होती. नको म्हणावं असं मनात आलं, तोंडापर्यंतही आलं.

तरी मी बसले.

दुपारी तिनं जागेवरून एक मोरपंखी पाठवला. तिचा पहिला फोटो जो माझ्या नजरेखालून जायचा होता. मी साडी मागवली, गॅलरीत नेली, बघितली, परत येऊन स्क्रीनवर बघितलं. निळा किंचित जास्त होता. अगदी किंचित. गिऱ्हाइकाला कळला नसता, अण्णांनाही कळला असता की नाही शंका आहे.

"परत कर," मी म्हणाले. खोलीभर ऐकू गेलं.

तिनं तिकडून मान वर करून माझ्याकडे बघितलं, त्या पांढऱ्याशुभ्र डोळ्यांनी, आणि मी नजर खाली केली नाही.

"बरं अक्का," ती म्हणाली आणि साडी घ्यायला उठली.